कानस

यादी हेडमास्तरांनी केली होती.
गणितात चाळीसच्या खाली जे जे,
ते ते माझ्याकडं: गुरुवारी शेवटचे दोन तास,
तांदळाच्या पोत्यांची जुनी खोली,
एक बेंच, दोन व्हाइस, अकरा पोरं.

अकराच्या खाली बारावं नाव
निळ्या शाईत, वेगळ्या हाताचं:
प्रतीक्षा भरमा कुगजी. वर्गात दुसरी.
"तू कशाला गं इथं?"
"बघूया म्हटलं की सर, लोखंड कसं ऐकतंय ते."

मी उद्यमबागेत एकतीस वर्षं फिटर.
खडू अजून नीट धरता येत नाही,
मानधन श्रावणापासून आलेलं नाही.
पुस्तक आलं ते कन्नडात आणि इंग्रजीत.
त्यातली चित्रं दाखवतो,
बाकीचं तोंडानं.

पुढं जाताना भार द्यायचा, सांगितलं,
मागं येताना नाही.
मागं येताना कानस नुसती येते,
मच्छेच्या बाजारातून
माणूस रिकाम्या पिशवीनं येतो तशी.
पहिले तीन आठवडे नुसता किरकिराट.
शेजारच्या वर्गातून सुळेबाईंची चिठ्ठी:
आम्ही इथं भूमिती शिकवत आहोत.

गजानन सायनेकर, गणितात अकरा मार्क,
कडेवरून नख फिरवून म्हणतो,
"सर, इकडं अर्धा मिलीमीटर वर हाय."
कॅलिपर लावला.
अर्धा मिलीमीटर.
हे मी हेडमास्तरांना सांगितलं.
ते "बरं बरं" म्हणाले आणि बेल द्यायला उठले.

मोरचुदाचं पाणी लावलं की लोखंड तांबूस होतं,
त्यावर सुईनं रेघ.
रेघेपाशी थांबायचं,
हे सगळ्यात अवघड.
सगळ्यांची रेघ खाल्ली गेली पहिल्यांदा,
तिची दोनदा.

तिची आई काजूच्या कारखान्यात,
टरफलाच्या चिकानं बोटं काळी.
रात्री दोघी एकाच वाटीतलं खोबरेल चोळतात.
आई विचारते, तुझं निघतंय काय गं?
निघतंय.
बघ की, माझं नाही निघत.
हे तिनंच सांगितलं मला, व्हाइस आवळता आवळता,
मान वर न करता.

मार्चात परीक्षक आले बैलहोंगलहून.
मराठी त्यांना ऐकण्यापुरतं.
"कैयाग एनैति?"
हातात काय आहे, विचारलं.
ती म्हणाली, "कानस."
"कनसा?"
आणि हसले, चष्मा नाकावर घसरेपर्यंत.
मग माझ्याकडं वळून, मोडक्या मराठीत:
आमच्यात कनसु म्हंजे स्वप्न, मास्तर.
ती थांबली थोडी.
"हिला दात असत्यात, सर."

त्यांनी जॉब घेतला. दोन तुकडे एकमेकांत बसवले,
खिडकीपाशी गेले, उजेडाला धरले.
पन्नासपैकी एक्केचाळीस.
नऊ कुठं गेले, मी विचारलं,
जरा चढ्या आवाजातच.
"बा इल्लि," म्हणाले. या इकडं.
डाव्या कोपऱ्यात, केसाएवढी,
उजेडाची एक रेघ.
बरोबर होतं त्यांचं.
उद्यमबागेत असा जॉब मी स्वतः भंगारात टाकला असता.

सगळे गेले. मी भुसा झाडत होतो लोखंडाचा.
ती दारात.
"सर, सोमवारपर्यंत कानस देताय काय?
त्यो उजेड बुजवायचाय."
घासून भोक बुजत नाही, म्हटलं,
आजूबाजूचं सगळं खाली आणावं लागतं.
"मग आणतो की."

शाळेचं सामान बाहेर द्यायचं तर
रजिस्टरात नोंद, कन्नडात, तालुक्याला दिसेल अशी.
कन्नड मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलो.
तारीख घातली. नाव घातलं. वस्तू: एक.
लिहिताना एक काना गळला
आणि शेवटी एक उकार जास्त पडला.

खोडायला पेन उचललं,
मग पुढच्या रकान्यात गेलो:
सोमवारी परत.