अधिक अकरा टक्के

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर सतरा.
निमिष भोईर गाडी ढकलत आणतो.
नवा सायलेन्सर, उघडा फिल्टर;
कुणी न मागता बिलं दाखवतो.
"काका, आवाज बघा."
बघितला. मधे खोकला आहे.

पूर्वी कार्ब्युरेटर होता. स्क्रू
अर्धा आटा आत, पाव बाहेर,
कान टाकीजवळ न्यायचा
आणि इंजिन 'बास' म्हणेल तिथं थांबायचं.
आता रेवती केबल लावते, स्क्रीन वाचते:
अधिक अकरा.

म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या मापावर
ईसीयू अकरा टक्के पेट्रोल जास्त ओततोय,
चार महिने, न बोलता.
नळी बदलली, जाळी बदलली,
त्याला कुणी सांगितलं नाही.
त्याला फक्त धूर हुंगता येतो.
बेंडमध्ये बोटभर सेन्सर बसवलाय,
त्याच्या वासावर पुढचा घास.

बेलापूर रोडला, सिग्नल ते सिग्नल, तो निभावून नेतो.
पण पामबीचवर रात्री मूठ पूर्ण पिळली
की हुंगत बसायला वेळ नसतो;
मग तो पाठ केलेला तक्ता म्हणतो,
आणि तक्ता जुन्या फिल्टरचा.
हवा फार, पेट्रोल थोडं.
पिस्टन तापतो. निमिषला वाटतं, पळतेय.

रेवती जोडापाशी तळहात धरते.
फुस्स.
गॅस्केट तिरकं बसलंय.
बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर ती हुंगतो,
समजतो, आत उपास चाललाय.
आणि ओततो. प्लग काजळासारखा.

गॅस्केट बदललं. बॅटरीची वायर काढली,
शिकलेलं विसरू दिलं, परत एक चक्कर:
दिघा, ऐरोली, मागे.
अधिक चार.
अकरातले सात खोटे होते.
हे चार खरे,
त्यांच्यासाठी नवा तक्ता लिहावा लागेल.

ती हे निमिषला सांगत होती, हळू आवाजात,
आणि मला ओठ हललेले दिसले फक्त.
माझ्याशी बोलताना ती मान पुढे काढते, शब्द जरा वर उचलते.
घरी तर टीव्हीसुद्धा.
तीस वर्षं डावा कान टाकीजवळ नेला;
तो कधी गेला, कळलं नाही.
आजूबाजूचे रोज थोडं थोडं ओतत होते.

निमिष काहीतरी विचारतो.
बहुतेक, किती झाले.
मी उजवीकडून वळतो.