कपाचा कान

पाणी सोडल्याला आज अकरावा दिवस.
पहिल्या विहिरीशी पंपाची घरघर,
दुसरीशी आम्ही दोघं, मी आणि लव्हडे अँग्विन,
नमुन्याच्या बाटल्या घेऊन
पाणी परत यायची वाट पाहत.

विहीर म्हणायचं, पण हिला ना काठ, ना रहाट.
वीतभर रुंदीचा पोलादी नळ,
साडेचार किलोमीटर खाली,
कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटच्या पोटात,
जिथे खडक कोरडा आहे
आणि एकशे ऐंशी अंश.
तिथल्या फटींतून वाट काढत
आमचं हिरवं रंगवलेलं पाणी
त्या विहिरीतून या विहिरीत येईल का,
किती दिवसांनी, किती तापून,
एवढाच प्रश्न.
उत्तराला घाई नाही. कंपनीला आहे.

रात्री दोन चौदाला तळाशी काहीतरी सरकलं.
पडद्यावरची रेघ एकदा दचकली, पुन्हा आडवी झाली.
एक पूर्णांक सहा.
आता फोन येतील, लव्हडे म्हणाली.

फोन आला नाही.
सकाळी टॅमसिन ट्रेव्हास्किस आल्या
वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप घेऊन.
कप शाबूत. कान तेवढा वेगळा.

लव्हडेने तक्रारवही उघडली:
वेळ, अंतर, वस्तू, अंदाजे किंमत.
लिही हवं तर, बाई म्हणाल्या,
पण मी त्यासाठी नाही आले.

लहानपणी आमच्या पलंगाखाली खाण होती.
दीडशे वाव खाली बाप सुरुंग लावायचा,
रात्रपाळी संपता संपता,
आणि फळीवरच्या बशा किणकिणायच्या.
आई अंथरुणातून मोजायची.
सात झाले की कूस बदलायची:
सगळे उडाले, माणसं वर येतील.
सहाच झाले
तर उठून बसायची.

मग कथील स्वस्त झालं, खाण बंद.
पंप थांबले, बोगद्यांतून पाणी चढलं,
जमीन मुकी झाली.
तेव्हापासून धड झोप अशी नाहीच.
आणि काल बशी वाजली.
मी अंधारात म्हटलं, एक.
मग बसून राहिले गं,
पुढच्याची वाट बघत.

लव्हडे काही बोलली नाही.
तिचा आजाही त्याच खाणीतला,
हे मला नंतर कळलं, दुसऱ्याच कुणाकडून.
किंमतीच्या रकान्यात तिने आडवी रेघ ओढली.

बाई कप घेऊन गेल्या.
कान टेबलावरच राहिला, पडद्याशेजारी.

आत्ता साडेतीन.
नवी बाटली दिव्यासमोर धरलीय.
मला वाटतं हिरवट आहे.
लव्हडेला वाटतं, अजून नाही.