धावपट्टीची स्थिती

आमचा विमानतळ दिवसातून दोनदा
समुद्राखाली जातो.
त्यामुळे वेळापत्रक चंद्राकडे असतं,
माझ्याकडे त्याची नुसती नक्कल,
दाराच्या खिळ्याला टांगलेली, खाऱ्या हवेनं चरबट झालेली.

सकाळी आठला मी जीप घेऊन वाळूवर उतरते.
रात्रीत लाटांनी काय काय टाकलंय ते बघायचं:
दोरखंड, मेलेल्या जेलीफिश,
आणि एकदा, कुठल्या देशातून कोण जाणे, प्लास्टिकची निळी खुर्ची.
प्रतीक्षागृहातली सातवी जागा तीच.
एकदा सील.
पट्टीच्या ऐन मधोमध, पोटावर,
माझ्याकडे असा बघत होता
जणू उशीर मलाच झालाय.
रेडिओवरून वैमानिकाला म्हटलं,
"घिरटी घाल जरा, एक प्रवासी अजून उठलेला नाही."

तिकीट मीच देते. वजनही मीच करते,
सामानाचं आणि माणसांचं,
कारण एवढ्याशा विमानाला
कोणाला कुठे बसवायचं ते कळावं लागतं.
मिसेस गिलिस कोट काढते, बूट काढते,
मग श्वास सोडून काट्यावर चढते.
मी आकडा न उच्चारता लिहिते.
आमच्या बेटावर अब्रू अशी राखतात.
मग टोपी बदलली की आगीचा बंबही मीच.
बावीस वर्षांत आग एकदाच लागली,
टोस्टरला.

वाऱ्याचा नारिंगी मोजा काठीवर चढला
की तिसऱ्या वेचणाऱ्यांनी किनारा सोडायचा.
सगळे सोडतात. बादल्या उचलतात,
कुत्र्यांना शीळ घालतात, कुंपणाशी येऊन विडी पेटवतात.
रूअरी मॅकअस्किल तेवढा नाही.
वय ब्याऐंशी, हातात दंताळं.
"वाळू आधी कोणाची, ते त्या विमानाला विचार."
तीनदा लेखी समज दिली.
त्याच कागदांत बांधून त्यानं मला तिसऱ्या विकल्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी प्रवाशांची यादी आली.
गुरांची डॉक्टर.
शाळा तपासायला कोणी एक.
लग्नाचा केक, खिडकीची जागा, पूर्ण तिकीट.
आणि टॉर्मड मॅकअस्किल, व्हँकूव्हरहून.

एकावन्न वर्षं.
एका बोटीवरून भांडले होते दोघे भाऊ,
ती बोट पुढे दोघांपैकी कोणीच नसताना
धक्क्याला बांधल्या जागी बुडाली.

मी रूअरीला काही बोलले नाही.
यादी गुप्त असते.
(बेकरीतल्या पोरीला फक्त सांगितलं, केकसाठी.)

आठला जीप घेऊन गेले
तर वाळू विंचरलेली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
शेवाळ नाही, दोर नाही, शिंपल्याची कपचीसुद्धा नाही,
दंताळ्याच्या रेघा सरळ,
शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं पाडलेल्या भांगासारख्या.
ओहोटीच्या पाठोपाठ अंधारातच आत गेला असणार.
कंदील अजून दगडावर होता, कोमट.

आणि रूअरी कुंपणाबाहेर.
टाय लावलेला.
मोजा चढायला अजून तीन तास होते.

विमान उतरलं. दोन्ही बाजूंनी पाणी उडालं,
केक सुखरूप, तपासनीस हिरवट.
टॉर्मड सगळ्यांत शेवटी, शिडीचा कठडा धरून,
खाली बराच वेळ वाळूकडेच बघत राहिला.
मग कुंपणाच्या दिशेनं ओरडला,
"तिसऱ्या मिळतात का अजून?"

रूअरी जागचा हलला नाही.
"विमान उठेपर्यंत थांबायचं असतं," म्हणाला.
"नियम आहे."

वीस मिनिटं थांबले दोघे,
एक कुंपणाच्या आत, एक बाहेर,
मधल्या तारेवर दोघांचे हात.
मी बॅगा उतरवत होते, हळूहळू,
तशा दोनच होत्या.

संध्याकाळी समुद्र आला, चाकांच्या खुणा घेऊन गेला,
दंताळ्याच्या रेघाही.
माझ्या वहीत एक रकाना आहे: धावपट्टीची स्थिती.
रोज लिहिते तेच लिहिलं.
ओली.