कारवीचं साल

तापोळ्याच्या दवाखान्यात माझं पहिलं वर्ष.
लाँचमधून उतरून जानू ढेबे आला
तेव्हा खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या,
बाटल्यांना बुचाऐवजी कणसाचं बुरकुंड.
"बाई, तुमी तासगावकडच्या.
द्राक्ष गोड असतं, एवढंच तुमाला ठावं.
गोडाच्या आतलं कडू शिकायला
ह्या डोंगरात यावं लागतंय."

मी त्याचं बोट टोचलं.
तीनशे बारा.
परक्याच्या पोराकडं बघावं
तसा तो आकड्याकडं बघत राहिला.
"कुणाची म्हणायची ही?"
"तुमचीच साखर, मामा."
"चाळीस वर्सं मव काढतुय," तो हसला,
"झिरपली असंल आत."

त्या दिवसापासून त्याचा मध बंद.
खाणं. विकणं नव्हे.

महाबळेश्वरच्या वळणावर गाड्या थांबत,
काचा खाली होत, आणि जानू सांगत असे:
जांभळाचा साखरेवर,
हिरड्याचा पोटावर,
गेळ्याचा छातीतल्या कफावर.
काडी बुडवून पेटवून दाखवी,
थेंब पाण्यात सोडी, तो न विरघळता तळाला जाई,
आणि शेवटचा पुरावा म्हणून
आपल्या कुत्र्यापुढं बोट धरी.
कुत्रं तोंड फिरवी.
(कुत्र्याला ते सवयीनं जमत असावं,
असा माझा संशय आहे.)

"आणि कारवीचा कशावर?"
"कारवीचा," तो म्हणे, "माणसावर."

एकदा मी चिडले.
शिरवळचा एक गृहस्थ गोळ्या सोडून
त्याचा जांभळाचा मध चाटत बसला होता,
पायाची जखम चिघळवून घेऊन आला.
जानू ऐकून घेत उभा राहिला, चपला हातात.
पुढच्या हंगामात बाटली देताना म्हणू लागला,
"गोळी चालू ठेवा, हा वरनं."
विक्री निम्म्यावर आली.
त्याबद्दल तो मला कधी काही बोलला नाही.

मग सहाव्या पावसाळ्यात कारवी फुलली.
आधी एका कड्यावर, निळसर, चुकून सांडल्यासारखी,
आणि पंधरा दिवसांत सगळे उतार जांभळे.
सातेरीच्या माश्या पेट्यांतून निघत
त्या परत येताना जड वाटत,
दवाखान्याच्या खिडकीपाशी टेकून दम खात.
माझ्या इंजेक्शनांच्या वासानं त्या बिचकल्या नाहीत.

कार्तिकात तो बाटली घेऊन आला.
मध काळा नव्हता.
हंड्यावरची काजळी बोटानं पुसावी
आणि आतून तांबं दिसावं, तसा.
रजिस्टर बाजूला सारून त्यानं ती टेबलावर ठेवली.
"एक बोट, बाई.
मागच्या फुलाचा चाखलाय. आता ह्याच्या म्होरल्या फुलाला..."
तो बोटांवर वर्षं मोजू लागला
आणि पाचव्या बोटावर थांबला.

सकाळची साखर एकशे अडुसष्ट होती.
पाच वर्षं मी ती तिथवर आणली होती,
भाकरी मोजून, चहा फिका करून, भांडून.

"करंगळी," मी म्हणाले. "अंगठा नाही."

त्यानं करंगळी बुडवली.
डोळे मिटले ते बराच वेळ.
बाहेर लाँचचा भोंगा झाला, माणसं उतरली,
कुणीतरी खोकत बाकावर येऊन बसलं.

"तोच आहे?"
"न्हाई," तो म्हणाला. "दुसरं कसलं तरी फूल शिरलंय.
ठकूला वळखू आलं असतं.
तिची जीभ माझ्यापरीस चांगली."
ठकू कोण, हे मी पाच वर्षांत विचारलं नव्हतं.

त्यानं बाटली माझ्याकडे सरकवली.
मला आधी गोड लागला, मग घशाशी थोडं जळजळलं,
मग काहीतरी कडू, ज्याला तासगावात शब्द नाही.

आता कारवी वाळलीय.
दुपारी उन्हात बोंडं तडकतात,
डोंगर हळूहळू दातओठ खाल्ल्यासारखा वाजतो.
जानू दर महिन्याला येतो,
बाकावर बसतो, टोचायला हात पुढं करतो,
चार बोटं.
करंगळी मिटलेली.