माकडहाड

अपोन्दी घसरली तेव्हा
घळीत आम्ही दोघंच होतो, आणि एक शेळी,
जिला त्याचं काहीच वाटलं नाही.
राखाडी मुरमावरून ती बसल्या बसल्या खाली आली
आणि जिथे दुखलं तिथे हात ठेवून
लुओ भाषेत असं काही बोलली
जे मी वहीत लिहून घेतलं नाही.

माझ्या भाषेत, मी म्हणालो, त्याला माकडहाड म्हणतात.
म्हणजे?
म्हणजे जिथे शेपूट नाही, तिथलं हाड.
ती हसली, कण्हली, परत हसली.
जे नाही तेच दुखतंय म्हण.

तेवीस वर्षं ती रुसिंगाच्या या उतारावर रांगते आहे.
गुडघ्यांना टायरच्या ट्यूबचे तुकडे,
कमरेला डिंकाची बाटली,
खिशात टॉयलेट पेपरचा गुंडा, हाडं गुंडाळायला.
खाली तळ्याकाठी जाळ्यांवर ओमेना वाळते आहे.
तिचा नवरा ओबुरा रात्री पाण्यावर दिवे सोडून
ती इवली मासळी धरतो
आणि सकाळी डोळे चोळत झोपायला येतो.

आपण पण आधी रात्रीचेच होतो, अपोन्दी सांगते.
साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, अंगाने उंदराएवढे,
तोंडभर डोळे.
अंधारात किडा हलला की झडप.
फांदी निसटू नये म्हणून बोटं लांबली,
नख्यांची हळूहळू नखं झाली.
मग कुणीतरी दिवसा बाहेर आलं.
का आलं, हे साहेबांनाही माहीत नाही,
मी विचारलं होतं.
पिकलेलं तांबडं दिसायला लागलं
आणि मग पोट ऐकेना.

हे तिला शाळेत कुणी शिकवलेलं नाही.
पेट्या उचलताना कानावर पडलं,
आणि जे पडलं ते तिने गुंडाळून ठेवलं.

समोर किसिंगिरी होता, आत्ता नुसता डोंगर.
एक कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी त्याने राख टाकली,
राखेत पानं राहिली, फळांच्या बिया राहिल्या,
झाडांची मुळं जिथल्या तिथे.
आणि त्या झाडांवरचे ते,
धड माकड नव्हेत, धड वानर नव्हेत.
पाठ माकडासारखी आडवी,
मागे मात्र काही लोंबत नव्हतं.

कुठल्या आईने विचारलं असेल का,
शेपूट कुठे टाकून आलास?
की एवढं सावकाश गेलं
की कुणाला चुकल्यासारखं वाटलंच नाही?
तोल सांभाळायला मागे काही उरलं नाही,
मग सगळा भार हातांवर आला.
एक फांदी धरायची, दुसरी सोडायची,
दुसरी नीट हाताशी लागेपर्यंत
पहिली सोडायची नाही.

लहानपणी मला धरसोड करतो म्हणून
पट्टीचा मार बसायचा.
मास्तरांना हे सांगायला हवं होतं.
आणि शेपूट घालून पळालो असंही ते म्हणायचे,
घालायला होतंच काय माझ्यापाशी?

ऊठ, मी हात पुढे केला.
तिने माझं मनगट पकडलं,
अंगठा फिरून बोटांना भेटला,
पकड इतकी घट्ट की माझाच तोल गेला.
पण ती उठली नाही.
बसल्या जागी दुसऱ्या हाताने
मांडीखालचं काहीतरी चाचपत राहिली.

करंगळीच्या पेराएवढं, तपकिरी.
दगड असेल, मी म्हणालो.
तिने ते तोंडाशी नेलं, जिभेवर टेकवलं.
दगड जिभेवरून सुटतो, हाड चिकटतं.
हे तिनेच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं
आणि मी दुपारभर मुरूम चाटला होता.

चिकटलं.

आता तिला बोलता येईना.
जीभ बाहेर, जिभेवर ते,
डोळे माझ्याकडे एवढे मोठे,
आणि मोकळा हात खिशाकडे सारखा हलतोय:
कागद, अरे कागद.