मापात पाप

सरांचे वडील वजनं तपासायचे. सरकारी नोकरी.
लिंकनशरच्या सपाट गावांतून सायकल,
मागे पितळी वजनांची पेटी.
खाटीक असो, कोळसेवाला असो, गोळ्या विकणारी विधवा असो,
पारड्याखालून बोट फिरवायचे,
मेण चिकटवलंय का बघायला.
सात वर्षांचा ऑब्री शेजारी, पेटी धरून.
विधवेच्या पारड्याखाली मेण निघालं, तो दिवस
त्यांनी मला एकदाच सांगितला,
मी टाइपरायटरची रिबन बदलत होते तेव्हा.
वर म्हणाले, हे कागदावर नको, मिस गोटोबेड.

एकतीस वर्षं त्यांचं टाइप केलं.
सहा पुस्तकं, आणि ते त्रैमासिक,
ज्याचे वर्गणीदार कधी चारशेवर गेले नाहीत,
पण त्या चारशेंतला जो तो
कुठल्या ना कुठल्या शाळेत फळ्यापुढे उभा.

पोरं निबंध घेऊन जिना चढायची:
कविता काळजाला भिडते, कविता अथांग आहे.
उतरायची तेव्हा समासात शिसपेन्सिलीचा एकच शब्द.
कुठे?
कुठल्या ओळीत? बोट ठेवून दाखव.
लंडनच्या एका साप्ताहिकानं त्यांना कारकून म्हटलं.
ते कात्रण त्यांनी शेगडीवरच्या फळीला टाचून ठेवलं.
मला वाटतं, वडिलांसाठी.

आरती ओवाळत नाहीये मी.
एका म्हाताऱ्या कवीवर त्यांनी अकरा पानं लिहिली.
मीच टाइप केली, एक शब्द खोटा नव्हता,
आणि दोन वर्षांत तो कवी क्रमिक पुस्तकांतून पुसला गेला.
त्याच्या बहिणीचं पत्र आलं: तो हल्ली जेवत नाही.
सरांनी उभ्याउभ्या वाचलं. खिडकीशी गेले.
उत्तर सांगू लागले, "प्रिय बाईसाहेब",
आणि तिथेच थांबले.
तो कागद संध्याकाळपर्यंत माझ्या यंत्रात तसाच.

मग हिल्डाबाई गेल्या. फेब्रुवारी, कालवे गोठलेले.
एप्रिलात सरांनी एक कविता टाइप करायला दिली.
स्वतःची. चौदा ओळी.
त्यात अनंत होतं, काळोख होता, चिरंतन विरह होता.
हिल्डाबाई नव्हत्या.
त्यांचा खोकला नव्हता, मधमाश्यांच्या पेट्या नव्हत्या,
हिरमुसून जिना उतरणाऱ्या पोराला
स्वयंपाकघरात ओढून पाजलेलं सूप नव्हतं.
मी टाइप केली, दोन प्रती,
आणि हात कसा धजावला कोण जाणे,
समासात पेन्सिलीनं, बारीक,
कुठे?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नोकरी गेलीच म्हणायची.
सकाळी माझ्या टेबलावर मधाची बरणी,
झाकणावर हिल्डाबाईंच्या तिरप्या अक्षरात
मागच्या ऑगस्टची तारीख.
कवितेबद्दल चकार शब्द नाही. पुढेही कधी नाही.
बरणी मी उघडली नाही. मध आता साखरलाय,
खडा झालाय पार.

परवा सरांना निरोप देताना पाद्री म्हणाले,
"ते आता अधिक चांगल्या ठिकाणी आहेत."
तिसऱ्या बाकावर मी ओठ घट्ट मिटले.
मागे कुणीतरी खाकरलं.
वळून बघते तर ओळीनं म्हातारे मास्तर,
हलहून, लीड्सहून, कुठून कुठून आलेले,
टकलं खाली घालून गदागदा हलतायत.
रडत होते की हसत,
बोट ठेवून नाही दाखवता येणार मला.