फ्रीजमधले बूट

पहिलं काम फ्रीज बंद करणं.
त्याची घरघर आवाजाच्या तळाशी गाळासारखी बसते,
मग कितीही उपसा, निघत नाही.
आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची,
म्हणजे जाताना तो परत चालू करायची आठवण राहते,
ही आमच्या मास्तरांची शिकवण.
मास्तरांकडे गाडी होती.

आम्ही आपापला डावा बूट काढला.
फ्रेसियाचा, रेनातोचा, एलिसेओचा, मिलारायचा, माझा,
पाच बूट शिंपल्यांच्या पातेल्याशेजारी
दाटीवाटीनं बसवले
नि दार गुडघ्यानं लोटलं.

वाल्दिव्हिया, जुलै, कडाक्याची थंडी.
ओल्या सरपणाचा धूर गल्लीतून हलायला तयार नाही.
घर फ्रेसियाच्या मावशीचं.
कॅमेरा कॉलेजचा, सोमवारी सकाळी परत द्यायचा.
माझा माइक झाडूच्या दांड्याला बांधलेला,
त्यावर एलिसेओचा लोकरी मोजा
(धुतलेला, असं तो म्हणतो).

रेनातोची गोष्ट अशी की
एक नवरा, एक बायको, एक स्वयंपाकघर
आणि अकरा वर्षांचा अबोला.
पटकथा दीड पान. त्यात 'शांतता' हा शब्द,
मी मोजला, सव्वीस वेळा.
आणि एवढ्या शांततेसाठी मिळालेलं घर
मासळीबाजाराच्या बरोब्बर पाठीमागे,
जिथे नदीतून वर आलेले समुद्रसिंह
भरल्या पोटी भुंकतात, रिकाम्या पोटीही.

टेक एक: समुद्रसिंह.
टेक दोन: समुद्रसिंह.
तिसऱ्याला ते गप्प, तर एलिसेओ शिंकला.
चौथ्याआधी फ्रेसिया खाली जाऊन
त्यांना माशांची डोकी टाकून आली, लाच म्हणून.
बातमी पसरली. पाचव्याला आणखी चार आले.

नवरा झालेला बेलार्मिनो बाजारात सुऱ्यांना धार लावतो.
बायको म्हणजे मावशीच, ओतीलिया,
शाळेत भूगोल शिकवून निवृत्त.
शनिवारपर्यंत दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.
सहाव्या टेकला तो तिच्यासमोर बसला,
चमचा ढवळला, लिहिल्याबरहुकूम खिडकीकडे पाहिलं,
आणि न राहवून, ओठ न हलवता, पुटपुटला,
'बाई, चहा निवतोय हो तुमचा.'
नेमकं तेव्हाच खाली एक धूड भुंकलं.
कुणाला काही कळलं नाही.
हेडफोन माझ्या कानांवर होता.
ओतीलियानं हळूच कप उचलला.
'कट!' रेनातो नाचायचाच बाकी होता,
'कसा उचलला कप! अकरा वर्षं दिसली त्यात!'
मी काही बोलले नाही.

शेवटी खोलीचा आवाज घ्यायचा असतो.
रिकाम्या खोलीचा नव्हे,
गप्प राहिलेल्या माणसांसकट, एक मिनिट.
कुणी हलायचं नाही.
फरशी म्हणजे बर्फ. पाचही जण उजव्या पायावर उभे,
डावा पाय पोटरीला चिकटवून, बगळ्यांसारखे.
बेलार्मिनोनं तर श्वासच धरलेला.
शेगडीत एक लाकूड तडकलं.

बूट घ्यायला फ्रीज उघडलाच आम्ही,
बटण मात्र कुणीच दाबलं नाही.
मंगळवारी मावशीनं फोनवर
शिंपल्यांच्या वासाचं वर्णन केलं,
भूगोलाच्या बाईंना शोभेल असं:
उगम कुठे, विस्तार कुठवर, वारा कुठला.

सिनेमा अठरा जणांनी पाहिला, त्यातले पाच आम्ही.
रेनातो आता छपराचे पत्रे विकतो.
मी सान्तियागोत, अजून आवाजाच्याच कामात.
मालिका, साबणाच्या जाहिराती,
कुठल्याही स्वयंपाकघरात शांतता कमी पडली
की ते मिनिट काढते, खाली अंथरते.
कुणी घर सोडून चाललेला असतो,
कुणी नुसतंच सूप वाढत असतं,
आणि त्यांच्या पायांखाली
आम्ही पाच जण, एका पायावर.

बावन्नाव्या सेकंदाला मिलाराय फिस्सकन हसते.
तेवढं कापावं लागतं.
दर वेळी आधी ऐकते,
मग कापते.